घराचं वायरिंग करताय? आजचे पॉइंट मोजण्याआधी पुढच्या वीस वर्षांचा हिशोब करा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी नवीन बांधलेली घरं बघा. गच्चीवर कॉलमच्या सळया वर आलेल्या दिसतात. कारण सगळ्यांना माहीत असतं. आज तळमजला झालाय, उद्या मुलगा मोठा झाला, हातात पैसे आले की वर मजला चढवायचा. म्हणून सळया आधीच सोडून ठेवायच्या.

पण त्याच घरात मीटरपासून गच्चीपर्यंत एखादा रिकामा पाइप सोडलाय का, हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येतं.

मग वरचा मजला चढतो, खोलीत एसी येतो, दारात इलेक्ट्रिक गाडी येते, गच्चीवर सोलर बसतं आणि प्रत्येक वेळी रंगवलेल्या भिंतीवर कटर चालतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे भिंत फोडायची नको म्हणून जुन्याच वायरवर नवा लोड चढवला जातो. पहिल्या प्रकारात पैसे जातात. दुसऱ्या प्रकारात घराला आग लागू शकते.

म्हणूनच घराचं वायरिंग पुढचा विचार करून कसं करायचं, त्यात नेमकं काय बघायचं आणि घर आधीच बांधून झालं असेल तर काय करता येतं, ते समजून घेऊया.

आधी हे समजून घ्या: लोड कुठे वाढतो?

वायरिंग करताना बहुतेक घरांत चर्चा होते ती लाइटच्या पॉइंटची. इथे एक ट्यूबलाइट, तिथे एक झुंबर, पीओपीमध्ये आठ लाइट. पण विजेच्या हिशोबात लाइट आता फार छोटी गोष्ट झाली आहे.

पूर्वी ६० वॉटचे १० बल्ब लावले तर ६०० वॉट लागायचे. आज त्याच जागी ९ वॉटचे १० एलईडी लावले तर ९० वॉट लागतात. पंख्याचंही तसंच. जुना पंखा साधारण ७५ वॉट घ्यायचा, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो.

वाढलंय ते गरम आणि गार करणाऱ्या वस्तूंचं प्रमाण. साठवणीचा गिझर २,००० वॉट, लगेच पाणी तापवणारा गिझर ३,००० वॉट, इंडक्शन शेगडी २,००० वॉटपर्यंत, दीड टनाचा एसी साधारण १,५०० ते १,८०० वॉट. इलेक्ट्रिक कार घरच्या मोठ्या सॉकेटवर लावली तर ३,३०० वॉटच्या आसपास आणि भिंतीवरच्या वेगळ्या चार्जरवर लावली तर ७,००० वॉटच्याही वर.

याचा अर्थ असा की पुढची वाढ लाइटच्या पॉइंटमध्ये होणार नाही. ती होणार आहे स्वयंपाकघरात, बेडरूमच्या एसीत, पार्किंगमध्ये आणि गच्चीवर. नियोजन करायचं ते या चार जागांचं.

एका घराचा हिशोब करून बघू

समजा दोन बेडरूमचं साधं घर आहे. आज त्यात तीन पंखे, दहा एलईडी, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन आणि एक गिझर आहे. सगळ्यांचे वॉट जोडले तर अंदाजे ४,९०० होतात.

आता पुढच्या दहा वर्षांत दोन एसी, एक इंडक्शन, एक मायक्रोवेव्ह आणि साध्या सॉकेटवर चार्ज होणारी एक कार आली, तर आणखी ९,९०० वॉट वाढतात. म्हणजे एकूण लोड जवळपास तिप्पट.

पण सगळ्या वस्तू एकाच वेळी चालत नाहीत. म्हणून खरा प्रश्न असतो, एका वेळी जास्तीत जास्त किती? अशा घरात सगळ्यात जड वेळ असते रात्रीची. दोन एसी चालू, कार चार्जिंगला, फ्रिज आणि पंखे चालू. बेरीज होते ७,१०० वॉटच्या आसपास. आपल्याकडे घरात २३० व्होल्टने वीज येते. ७,१०० ला २३० ने भागलं की उत्तर येतं साधारण ३१ अँपिअर.

हा आकडा महत्त्वाचा. मीटरपासून घरातल्या डीबीपर्यंत येणारी मुख्य वायर, मेन स्विच आणि वीज कंपनीकडून घेतलेला मंजूर भार, हे सगळं या आकड्यावर ठरतं, आजच्या लोडवर नाही. मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर छापलेलं असतं. लोड त्याच्या पुढे जाणार असेल तर कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा लागतो, आणि फार मोठा झाला तर सिंगल फेजऐवजी थ्री फेज कनेक्शन घ्यावं लागतं. हे कनेक्शन पुढे लागेल असं वाटत असेल तर मेन वायरचा पाइप आधीच मोठा टाकून ठेवणं शहाणपणाचं.

एमसीबी पडते म्हणून मोठी बसवली, इथेच खरा धोका

घरात नवी वस्तू आली की एमसीबी वारंवार पडायला लागते. मग कुणीतरी सुचवतं, '१० ची काढून २५ ची टाका, त्रास संपेल.' त्रास संपतो, पण संरक्षणही संपतं.

एमसीबी ही मुख्यतः वस्तूच्या नाही, तर भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असते. वायरमधून जेवढा करंट जातो त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती तापते. म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वायर जास्त तापण्याआधी वीज तोडणं हे एमसीबीचं काम. दीड एमएमच्या वायरवर २५ अँपिअरची एमसीबी बसवली, तर वायर तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. वायरवरचं प्लास्टिकचं आवरण हळूहळू कडक होतं, तडकतं आणि एक दिवस शॉर्टसर्किट होतं.

म्हणून नियम एकच. आधी वायरची जाडी, मग त्या वायरला झेपेल अशी एमसीबी. घरांमध्ये तांब्याच्या वायरसाठी साधारण हे गणित वापरलं जातं:

- लाइट, पंखे, छोटे सॉकेट: दीड एमएम वायर, ६ ते १० अँपिअर एमसीबी
- फ्रिज, वॉशिंग मशीन, साठवणीचा गिझर: अडीच एमएम वायर, १६ अँपिअर एमसीबी
- एसी, लगेच तापवणारा गिझर, इंडक्शन: चार एमएम वायर, २० अँपिअर एमसीबी
- कारचा ३२ अँपिअरचा चार्जर: किमान सहा एमएम, अंतर लांब असेल तर दहा एमएम वायर, ४० अँपिअर एमसीबी

यातला 'एमएम' म्हणजे वायरच्या तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. बाजारात सगळे एमएमच म्हणतात. वायर घेताना त्यावर आयएस ६९४ हा क्रमांक आणि आयएसआय मार्क छापलाय का, तेवढं बघायचं. एकाच पाइपमध्ये खूप वायर असतील, किंवा पाइप उन्हात तापणाऱ्या भिंतीतून जात असेल, तर वायरची क्षमता आणखी कमी होते. अशा ठिकाणी एक माप जाड वायर घेतलेली बरी.

अंतराचाही फरक पडतो. अडीच एमएमची वायर ३० मीटर लांब नेली आणि त्यावर १५ अँपिअरचा लोड टाकला, तर वाटेतच ६ ते ७ व्होल्ट कमी होतात. म्हणून दूरचं पार्किंग किंवा अंगणातली मोटार यांना नेहमी जाड वायर लागते.

वायर बदलता येते, भिंत नाही

पुढच्या वाढीचा विचार करायचा म्हणजे आजच सगळ्या महागड्या वायर टाकून ठेवायच्या, असं नाही. तांबं महाग आहे. पण प्लास्टिकचा रिकामा पाइप स्वस्त आहे आणि स्लॅब टाकायच्या आधी किंवा प्लास्टरच्या आधी तो टाकायला जवळजवळ काहीच जादा मेहनत लागत नाही. तोच पाइप टाइल्स आणि रंग झाल्यावर टाकायचा म्हटलं, तर खर्च पाइपचा राहत नाही, तोडफोड, गवंडी, टाइल्स आणि रंग यांचा होतो.

म्हणून कन्सिल वायरिंगमध्ये या गोष्टी करून ठेवता येतात:

पाइप एक माप मोठा घ्या. २० एमएमच्या जागी २५ एमएम. पाइपमधली साधारण ४० टक्केच जागा वायरने भरावी, असा संकेत आहे. बाकीची जागा हवा खेळायला आणि पुढे एखादी वायर ओढायला लागते.

तीव्र वळणं टाळा. दोन बॉक्समध्ये दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणं असली की नंतर वायर ओढली जात नाही. मग पाइप असूनही उपयोग शून्य. वळण जास्त असेल तिथे मध्ये एक जंक्शन बॉक्स ठेवायचा.

रिकाम्या पाइपमध्ये तार सोडा. दोन्ही टोकांना बाहेर राहील अशी बारीक तार किंवा नायलॉनची दोरी आत ठेवली, की पुढे तिला वायर बांधून ओढता येते. टोकं टोपण लावून बंद करायची, नाहीतर काँक्रीट, पाणी आणि मुंग्या आत जातात.

मीटरपासून गच्चीपर्यंत उभे पाइप टाका. निदान तीन: एक वरच्या मजल्याच्या मेन वायरसाठी, एक सोलरसाठी, एक इंटरनेट, डिश आणि कॅमेऱ्यासाठी. इंटरनेट आणि कॅमेऱ्याच्या केबल विजेच्या वायरसोबत एकाच पाइपमध्ये कधीच टाकू नयेत.

पार्किंगपर्यंत एक पाइप वेगळा न्या. आज गाडी नसली तरी. २०१९ मध्ये केंद्र सरकारने आदर्श बांधकाम नियमावलीत बदल करून इमारतीच्या पार्किंग क्षमतेच्या २० टक्के जागांना चार्जिंगची सोय असावी, अशी तरतूद केली. सोसायटीत फ्लॅट घेताना ही सोय प्रत्यक्ष आहे का, हे विचारायला हरकत नाही.

डीबी भरून टाकू नका

डीबी म्हणजे एमसीबींची पेटी. घरात आठ सर्किट असतील तर आठ घरांची पेटी आणली जाते आणि पहिल्याच दिवशी ती भरते. पुढे एसी आला की त्याची वायर कुठल्यातरी जुन्या एमसीबीच्या खाली डकवली जाते.

निदान चार जागा रिकाम्या राहतील अशी पेटी घ्यावी. एसी, गाडी, सोलर आणि वीज कडाडल्यावर येणाऱ्या झटक्यापासून वाचवणारं सर्ज संरक्षण, हे सगळं पुढे याच जागांवर बसतं. थ्री फेज होण्याची शक्यता असेल तर त्या हिशोबाने पेटीची जागा सोडावी.

सर्किटही वेगळी पाडायची असतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांमध्ये एका लाइट सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॉट, आणि घरातल्या एका पॉवर सर्किटवर जास्तीत जास्त दोन १६ अँपिअरचे सॉकेट, असा दंडक आहे. घरासाठीही हा आकडा डोळ्यासमोर ठेवला तर चूक होत नाही. स्वयंपाकघराला निदान दोन पॉवर सर्किट हवीत, कारण मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि ओव्हन नेमके एकाच वेळी, जेवणाच्या वेळेला चालतात.

अर्थिंग आणि आरसीसीबी: इथे काटकसर नको

वाढीव लोडसोबत गळतीचा धोकाही वाढतो. गिझरची कॉइल खराब झाली आणि करंट बॉडीत आला, तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग. प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी वायर गेलेली असणं आणि ती अर्थिंगच्या खड्ड्याला जोडलेली असणं, या दोन्ही गोष्टी लागतात. काही ठिकाणी हिरवी वायर वाचवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. हे जीवघेणं आहे. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिज, मशीन, गिझर अशा सगळ्या वस्तूंच्या बॉडीत करंट येऊ शकतो.

दुसरी गोष्ट आरसीसीबी. एमसीबी वायरला वाचवते, आरसीसीबी माणसाला. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, यावर ती लक्ष ठेवते. थोडा जरी कुठे गळला, म्हणजे एखाद्याच्या शरीरातून जमिनीत गेला, तरी ती क्षणात वीज तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वापरतात. तिच्यावर 'टेस्ट'चं बटन असतं, ते अधूनमधून दाबून ती पडते का, हे बघायचं. मात्र आरसीसीबी जादा लोड ओळखत नाही, त्यामुळे तिच्यासोबत एमसीबी लागतेच.

इथे पुढच्या वाढीशी संबंधित एक अडचण येते. नंतर इन्व्हर्टर बसवताना इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आणि साध्या लाइनचा न्यूट्रल एकमेकांत मिसळला, की आरसीसीबी उगाच पडत राहते. मग वैतागून ती काढूनच टाकली जाते. त्यामुळे वायरिंग करतानाच इन्व्हर्टरवर चालणारे लाइट-पंखे वेगळ्या सर्किटवर आणि वेगळ्या न्यूट्रलवर ठेवायचे, आणि इन्व्हर्टरच्या जागेपासून डीबीपर्यंत पाइप सोडायचा.

स्विचबोर्डांचंही थोडं तसंच. मोबाइलवरून चालणाऱ्या बऱ्याचशा स्मार्ट स्विचना बोर्डात न्यूट्रल लागतो. फक्त लाइट-पंख्याच्या बोर्डात अनेकदा तो नसतो. सुरुवातीलाच प्रत्येक बोर्डात न्यूट्रल नेला आणि बॉक्स थोडा खोल घेतला, तर पुढे काही फोडावं लागत नाही.

सोलर बसवायचं असेल तर

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. त्यात २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. त्यामुळे गच्ची असलेल्या घरांत सोलर ही आता लांबची गोष्ट राहिलेली नाही.

त्यासाठी आज करायच्या गोष्टी तीन. गच्चीपासून मीटरपर्यंत स्वतंत्र पाइप. मीटरजवळ सावलीत सोलरच्या इन्व्हर्टरला भिंतीवर जागा. आणि सोलरच्या अर्थिंगसाठी आवारात जागा, कारण पॅनल, इन्व्हर्टर आणि वीजरोधक यांचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळं करतात. अंगणात सगळीकडे फरशी घालून झाल्यावर हे आठवलं तर फरशी उखडावी लागते.

घर आधीच बांधून झालंय, आता काय?

बहुतेक लोक याच गटात येतात. सगळं वायरिंग काढून नवीन करणं दरवेळी गरजेचं नसतं.

पहिलं काम म्हणजे घरात काय आहे ते तपासून घ्यायचं. मेन वायर किती एमएमची, कुठल्या एमसीबीवर काय चालतं, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, आरसीसीबी आहे का. वायरवर मोठ्या मापाची एमसीबी बसवलेली आढळली, तर ती आधी बदलायची.

दुसरं, नवी जड वस्तू जुन्या सॉकेटवर लावायची नाही. तिच्यासाठी डीबीपासून थेट नवी लाइन ओढायची. भिंत फोडायची नसेल तर बाहेरून केसिंग पट्टीतून नेता येते. दिसायला थोडी वेगळी दिसते, पण सुरक्षित असते. कारचं चार्जिंग तर एक्स्टेंशन बोर्डावर कधीच करू नये. तासन् तास १४-१५ अँपिअर करंट जात राहिला, की ढिल्या सॉकेटची पिन तापून वितळते.

तिसरं, प्लग किंवा स्विच गरम लागणं, बोर्डातून जळका वास येणं, गिझर लावला की लाइट मंद होणं, ही वायरिंग थकल्याची लक्षणं आहेत. तिथे नवा लोड टाकायच्या आधी दुरुस्ती करायची.

फ्लॅटमध्ये आणखी एक मर्यादा असते. मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंतची वायर सोसायटीच्या सामाईक डक्टमधून येते. ती बदलायची किंवा पार्किंगपर्यंत लाइन न्यायची, तर सोसायटीची परवानगी लागते. हे एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच घरांनी मिळून केलं तर सगळ्यांनाच सोपं जातं.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी हे करा

वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. नव्या कनेक्शनसाठी त्याचा टेस्ट रिपोर्ट वीज कंपनीला द्यावा लागतो. पण काम झालं म्हणून लगेच गवंड्याला हाक मारू नका. त्याआधी या पाच गोष्टी बघून घ्या:

- प्रत्येक भिंतीचे मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा मारताना किंवा नवा पॉइंट काढताना पाइप कुठून गेलाय ते कळतं.
- रिकामे पाइप मोजा. गच्ची, पार्किंग, प्रत्येक बेडरूममधल्या एसीची जागा आणि इन्व्हर्टर, या सगळ्यांपर्यंत पाइप पोचलेत का आणि आतली तार हलते का, ते स्वतः ओढून बघा.
- डीबीत किती जागा रिकाम्या राहणार, ते विचारा.
- कुठल्या सर्किटला किती एमएमची वायर आणि किती अँपिअरची एमसीबी, हे कागदावर लिहून घ्या.
- तो कागद डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

दहा वर्षांनी घरी येणारा वायरमन कदाचित वेगळा असेल. भिंतीच्या आत काय आहे हे त्याला अंदाजाने शोधावं लागणार नाही, इतकी माहिती त्या कागदावर आणि त्या फोटोंत असली पाहिजे.